पोरगं गप्प झालं म्हणजे शहाणं झालं असं नव्हे

बैलानं एक वेळ वैरणीला तोंड लावलं नाही तर आपण दुसऱ्या वेळेची वाट पाहत नाही. कान गार पडलेत का बघतो, पोट फुगलंय का चाचपतो आणि दिवस मावळायच्या आत जनावरांच्या डॉक्टरला निरोप धाडतो. कपाशीच्या पानावर डाग दिसला तर ते पान खिशात घालून कृषी सेवा केंद्राची पायरी चढतो. हे योग्यच आहे. पण नववी-दहावीतलं पोरगं महिनाभर ताटावरून अर्धपोटी उठतं, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागं असतं, एका शब्दावर अंगावर धावून येतं, तेव्हा आपण काय म्हणतो? "वयात आलंय, माज चढलाय. चार दिवस रानात राबवा, आपोआप सरळ होईल."

कधी कधी खरंच तसं असतं. पण कधी कधी तो माज नसतो, दुखणं असतं. त्याला डॉक्टर लोक डिप्रेशन म्हणतात, पुस्तकी मराठीत नैराश्य म्हणतात. हे दुखणं फक्त मोठ्यांना होतं, फक्त शहरात होतं, आणि ज्यांना काम नाही त्यांनाच होतं, हे तिन्ही समज चुकीचे आहेत. दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलांना ते होतं, खेड्यात होतं आणि दोन एकर कोरडवाहूवाल्याच्या घरातही होतं. आईबापांना ते वेळेवर ओळखता आलं पाहिजे आणि ओळखल्यावर जायचं कुठे हे गावाला माहीत पाहिजे, एवढंच आजचं म्हणणं आहे.

हा प्रश्न एखाद्या घराचा नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. त्यात १३ ते १७ वयाच्या मुलामुलींपैकी ७.३ टक्क्यांना कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला. आपल्या हायस्कुलात त्या वयाची ३०० मुलं असतील तर हिशेब २० च्या वर जातो. या सगळ्यांनाच डिप्रेशन असेल असं नाही, त्यात चिंतेचे आणि भीतीचे आजारही आले. पण या वीस मुलांपैकी किती जणांना आजवर डॉक्टरकडे नेलं, असा प्रश्न कुठल्याही गावात विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर एका हाताच्या बोटांवर मावेल.

दुसरा आकडा आपल्या राज्याला मान खाली घालायला लावणारा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यात सर्वांत जास्त, १,७६४, महाराष्ट्रातले होते. अशा प्रत्येक घटनेमागे एकच एक कारण नसतं, आणि प्रत्येकात डिप्रेशनच होतं असंही म्हणता येणार नाही. तरी वेळेवर ओळखलं गेलं असतं तर यातली काही मुलं आज आपल्यात असती, हे नक्की.

रडत नाही, चिडत येतं

मोठं माणूस उदास झालं की कोपऱ्यात बसतं, डोळ्याला पाणी येतं. ते आपल्याला कळतं. वाढत्या वयातल्या मुलांचं तसं नसतं. त्यांच्यात उदासीची जागा पुष्कळदा चिडचिड घेते. डॉक्टरांच्या पुस्तकातही मुलांच्या बाबतीत "उदास किंवा चिडचिडं मन" असंच धरलेलं आहे. म्हणजे जे पोरगं बापाला उलटून बोलतं, भावंडांवर हात टाकतं, दार आपटून जातं, ते आतून खचलेलंही असू शकतं. आपण उर्मट म्हणून त्याला चार ठेवून देतो आणि दुखणं आणखी आत ढकलतो.

दुसरं रूप अंगावर येतं. सकाळी शाळेच्या वेळेला डोकं दुखतं, पोटात कळ येते, हातपाय गळाल्यासारखे होतात, छातीत धडधडतं. आपण गावातल्या दवाखान्यात नेतो आणि सांगतो, "अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा." सलाईन लागतं, पैसे जातात, दोन दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. मूल खोटं बोलत नसतं, दुखणं खरंच असतं. पण त्याचं मूळ पोटात नसून मनात असेल तर बाटलीने ते जात नाही.

तिसरं रूप सगळ्यांत फसवं आहे. मूल गप्प होतं. मागणं बंद करतं, भांडणं बंद करतं, मित्रांत जात नाही, सांगितलं तेवढं करतं. घरात कौतुक होतं, "पोरगं शहाणं झालं बघा, बापाची परिस्थिती कळायला लागली." परिस्थिती कळणं निराळं आणि जगण्यातला रस उडणं निराळं. कळता मुलगा बापाच्या अडचणीवर बोलतो, उपाय सुचवतो, संध्याकाळी क्रिकेट खेळायला जातो. रस उडालेला मुलगा क्रिकेटची बॅटही उचलत नाही.

आणि मोबाईल? सगळं खापर मोबाईलवर फोडायची आता सवय झाली आहे. रात्र रात्र मोबाईल पाहण्यानं झोप जाते आणि मन बिघडतं, हे खरंच. पण उलटही होतं. ज्या मुलाला कशातच गोडी उरली नाही ते मोबाईलमध्ये तोंड लपवून बसतं. अशा वेळी नुसता मोबाईल हिसकावल्यानं दुखणं बरं होत नाही. गुटखा आणि दारूचंही तसंच. सोळा वर्षांचं पोर टपरीवर दिसलं तर चौकशी व्यसनाची करा, आणि ते कशाला विसरायला बघतंय याचीही करा.

अमावस्या ते पौर्णिमा

आता कुणी म्हणेल, पोरांच्या प्रत्येक रुसव्याला आजार म्हणायचं का? नाही. या वयात मन वर-खाली होतंच. मित्राशी भांडण, कमी पडलेले गुण, नापसंत झालेला सदरा, याचा राग दोन-चार दिवसांत ओसरतो. त्याला डॉक्टर लागत नाही. म्हणून तीन गोष्टी ताडून पाहाव्यात.

पहिली, बदल. मूळ स्वभावानं अबोल असलेलं मूल आणि पूर्वी बडबड करणारं पण आता अबोल झालेलं मूल यांत फरक आहे. दुसरी, मुदत. हा बदल दोन आठवडे, म्हणजे एका अमावस्येपासून पौर्णिमेपर्यंत, जवळपास रोज दिसतोय का? तिसरी, अडथळा. त्यामुळे शाळा, जेवण, झोप, खेळ, घरातलं वागणं अडतंय का?

या तिन्हींना उत्तर "हो" असेल तर पुढच्या खुणा बघा. मन सतत उदास किंवा चिडचिडं. आवडत्या गोष्टीतही गोडी नाही. झोप उडालेली, किंवा दिवसभर अंथरुणातून उठवत नाही. भूक मेलेली, किंवा एकदम वाढलेली. काही न करता थकवा. पुस्तक उघडं पण डोक्यात काही शिरत नाही, गुण एकदम घसरलेले. हालचाल मंदावलेली, किंवा एका जागी बसवत नाही. "माझ्यामुळंच सगळं झालं, मी कामाचा नाही" अशी भाषा. आणि शेवटची खूण, मरणाचा विषय. यातल्या बऱ्याच खुणा एकत्र दिसल्या तर डॉक्टरला दाखवायला उशीर करू नये. आणि शेवटची एकटीच दिसली तरी पंधरा दिवस मोजत बसू नये. त्याच दिवशी हालचाल करावी.

मुलींचं दुखणं दुप्पट झाकलं जातं

मुलीच्या बाबतीत आपण आणखी चुकतो. तिची चिडचिड पाळीवर ढकलतो, थकवा कामावर ढकलतो आणि गप्पपणाला संस्कार म्हणतो. देशात १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. रक्त कमी असलं, थायरॉईड बिघडलं तरी थकवा, उदासी आणि चिडचिड येते. म्हणून आधी रक्त तपासावं. गोळ्यांनी रक्त वाढलं आणि मूल खुललं तर उत्तमच. रक्त ठीक असूनही मन ठीक नसेल तर पुढचा डॉक्टर गाठावा.

पण पुष्कळ घरांत पुढचा डॉक्टर गाठत नाहीत, पाहुणे बोलावतात. "लग्न झालं की होईल नीट." याच पाहणीत महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांची लग्नं अठरा वर्षांच्या आत झालेली आढळली. अठराच्या आत लग्न हा गुन्हा आहेच, पण कायदा बाजूला ठेवला तरी आजारी मुलीला परक्या घरी धाडणं हा इलाज नाही. तिथं तिचं दुखणं ओळखणारं कुणीच नसतं. अभ्यासातून, मैत्रिणींतून एकाएकी अंग काढून घेणारी मुलगी दिसली तर आईनं एक शंका आणखी मनात धरावी. कुणी तिला त्रास देतंय का? घरातलं, नात्यातलं, शाळेच्या वाटेवरचं? हे विचारताना तिच्यावरच आरोप होतोय असं तिला वाटता कामा नये.

"आमच्या वेळी नव्हतं असलं काही"

चावडीवर हे वाक्य हमखास ऐकू येतं. आम्ही मार खाल्ला, अनवाणी शाळेत गेलो, आम्हाला नाही झालं डिप्रेशन. यावर दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक, त्या वेळीही होतं. तेव्हा त्याला "भ्रमिष्ट झाला", "बाहेरचं झालं", "विहिरीनं ओढला" अशी नावं होती. नाव नव्हतं म्हणून आजार नव्हता असं होत नाही. दुसरी, काळही बदलला आहे. तेव्हा दहावी नापास झालेल्या पोराला शेत होतं, एकत्र कुटुंब होतं, आज्याच्या मांडीवर डोकं ठेवता येत होतं. आज शेताचे तुकडे झाले, आईबाप ऊसतोडीला गेले की मुलं थकलेल्या आजीच्या भरवशावर राहतात. शिकलो नाही तर शेतीत काही उरलं नाही, हे आपणच पोराच्या कानावर रोज घालतो. सोयाबीनचा भाव पडला, सोसायटीची नोटीस आली, बापानं डोक्याला हात लावला, हे सगळं ते पोर बघत असतं. आपल्याला वाटतं लेकराला काय कळतं. त्याला सगळं कळतं, बोलता मात्र येत नाही.

देवऋष्याकडे नेण्याबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. देवाला नवस बोलणं ही ज्याची त्याची श्रद्धा. पण भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, चटके देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आजारी लेकराला मार खायला लावून कुणाचं भलं होत नाही.

विचारायचं कसं

समोर बसवून, चारचौघांत, "तुला काय कमी केलं आम्ही?" असं विचारलं तर मूल तोंड उघडणार नाही. तो प्रश्न नाही, तो ठपका आहे. हातात काम असताना बोलावं. गोठ्यात धारा काढताना, पाणी धरताना, मोटारसायकलवर बाजाराला जाताना. नजरेला नजर द्यावी लागत नाही तेव्हा मुलांना बोलणं सोपं जातं. आणि साधं बोलावं, "पंधरा दिवस बघतोय, तू नीट जेवत नाहीस, झोपत नाहीस. मी रागावलेलो नाही. काय होतंय तुला?" मग गप्प राहून ऐकावं. मध्येच उपदेश सुरू केला की दार बंद झालं म्हणून समजा. पहिल्या दिवशी उत्तर मिळणार नाही. चार दिवसांनी पुन्हा विचारावं.

मरणाबद्दल विचारायला आईबाप घाबरतात. विचारलं तर नको तो विचार डोक्यात भरेल, असं वाटतं. तसं होत नाही, हे या क्षेत्रातले डॉक्टर अभ्यासानं सांगतात. उलट कुणीतरी विचारलं यानंच मुलाचा जीव हलका होतो. "जगू नये असं वाटतं का रे कधी?" असं सरळ विचारावं. उत्तर "हो" आलं तर ओरडू नये, शपथा घालू नयेत. जवळ बसावं, एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

फवारणीचं औषध कुलपात

शेतकऱ्याच्या घरात एक धोका शहरापेक्षा जास्त आहे. फवारणीची औषधं आणि तणनाशकं आपण पलंगाखाली, फळीवर, धान्याच्या पोत्याशेजारी ठेवतो. मनाचा तोल गेलेला क्षण पुष्कळदा थोडाच वेळ टिकतो. त्या क्षणी हाताशी काही नसलं तर जीव वाचतो आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे नीट जगतात. श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण नंतरच्या वीस वर्षांत निम्म्याहून खाली आलं. आपल्याला कायद्याची वाट पाहायची गरज नाही. एक पत्र्याची पेटी, एक कुलूप, किल्ली घरातल्या एकाच मोठ्या माणसाकडे. लागेल तेवढंच औषध आणावं, उरलेलं घरात साठवू नये. ज्या घरात मूल आजारी आहे तिथं तर औषध घरात नकोच.

जायचं कुठे

पहिली पायरी प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथून जिल्हा रुग्णालयात पाठवतात, तिथं जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा विभाग असतो. हा कार्यक्रम देशात १९९६ साली सुरू झाला. लांब जाणं शक्य नसेल तर आधी १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. केंद्र सरकारची ही टेलिमानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. ती फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. मूल स्वतःही फोन करू शकतं. छळाची, अत्याचाराची तक्रार असेल तर १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक आहे.

सौम्य दुखण्यात पुष्कळदा नुसत्या बोलण्याच्या उपचारानं, म्हणजे समुपदेशनानं गुण येतो. गोळ्या लागतील की नाही ते डॉक्टर ठरवतील. डिप्रेशनवरच्या गोळ्यांची नशेसारखी चटक लागत नाही, पण त्यांचा गुण यायला काही आठवडे जातात. "आठ दिवस दिल्या, फरक नाही" म्हणून बंद करू नयेत, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानंही बंद करू नयेत. सुरुवातीच्या आठवड्यांत मुलाकडे जास्त लक्ष ठेवावं. अस्वस्थपणा वाढला तर लगेच डॉक्टरला कळवावं. "वेड्याचा शिक्का बसेल, सोयरीक जुळणार नाही" ही भीती खरी आहे. पण हा शिक्का आपणच मारतो, तेव्हा तो पुसायचाही आपणच.

पोलीस केसच्या भीतीनेही घरचे लोक गोष्ट दडवतात. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असं तो धरतो आणि त्याला शिक्षेऐवजी उपचार द्यायला सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुनं ३०९ कलमच राहिलेलं नाही. पोलीस पाटलांनी हे गावात सांगावं. मूल दवाखान्यात न्यायला उशीर झाला तर तो केसच्या भीतीने तरी होऊ नये.

गावाच्या कारभाऱ्यांनी

सगळा भार आईबापांवर टाकून चालणार नाही. शासनाने २०१५ साली मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी प्रेरणा प्रकल्प आणला. कल्पना चांगली होती. कर्जबाजारी बापाला "झोप लागते का, मन लागतं का" असं विचारणारं कुणीतरी आलं. पण त्याच घरात उंबऱ्यावर बसलेल्या पोराला कोण विचारणार? आशाताई घरी जातातच, त्या भेटीत मुलांबद्दलही दोन प्रश्न विचारायची सोय झाली पाहिजे. आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे. त्यामुळे हे काम द्यायचं तर त्याचा मोबदलाही दिला पाहिजे.

शाळेबाबत सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं आहे की, १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा. आपल्या हायस्कुलात आहे का, हे शाळा समितीने मुख्याध्यापकांना विचारावं. तोवर निदान एवढं करता येईल की, दहावी-बारावीच्या निकालाच्या आठवड्यात शिक्षकांनी नापास मुलांच्या घरी जावं आणि निकालापाठोपाठ पुरवणी परीक्षा असते हे आईबापांसमोर सांगावं. वर्ष वाया जात नाही हे कळणं त्या दिवशी फार मोलाचं असतं.

ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करावे लागतात. त्यातून जिल्हा रुग्णालयात जाणाऱ्या गरीब घरच्या मुलाचं आणि सोबतच्या माणसाचं एसटी भाडं निघू शकेल का, हे सरपंच आणि ग्रामसेवकांनी बसून पाहावं. रक्कम मोठी नाही. पण एक दिवसाची मजुरी बुडवून वर भाडं खर्च करायचं म्हणून मुलाला परत दवाखान्यात नेलं नाही, असं व्हायला नको. १४४१६ हा आकडा शाळेच्या, सोसायटीच्या, दूध डेअरीच्या आणि कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर रंगवायला एक डबा रंग पुरतो.

वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. त्यांत रस्ता, गटार, घरकुल यांवर तासन्‌तास भांडणं चालतात, ती चालू द्या. पण पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय लेखी घ्या, आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलवा आणि आईबापांना त्यांना प्रश्न विचारू द्या. आणि आज रात्री जेवायला बसाल तेव्हा पोराच्या ताटाकडे जरा बघा. त्यानं किती खाल्लं आणि तो किती दिवसांत हसलेला नाही, हे आठवून पाहा.